डबा चालू होईपर्यंत

३ जानेवारी २०२५

सात मिनिटं दहा सेकंद!

मनगटावरच्या घड्याळात बघून लिहितोय, अंदाजपंचे नाही. सकाळी नऊ चाळीसला मायने ओसरीवरून हाक दिली — गजू, सांबार कापला का रे? (कोथिंबिरीला ती सांबार म्हणते.) माझी बायको ज्योत्स्ना मेथीच्या जुड्या घेऊन पहिल्या जीपने रिसोडच्या बाजारात गेलेली. मळ्यात आम्ही दोघंच. मायचे डोळे काचबिंदूने गेले, माझी जीभ खर्ऱ्याच्या तंबाखूने गेली. म्हणजे मी लिहून दाखवावं तर तिला दिसत नाही आणि बोलून सांगावं तर मला येत नाही. देवाने जोडी मोठी बघून जमवली.

लाइन गेली होती, म्हणून संगणकाचा डबा बंद पडलेला. बटण दाबलं. पंखा घरघरला, आत कुरकुर सुरू झाली, पडद्यावर ते गोल फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. माय दुसऱ्यांदा — गजू? मग तिसऱ्यांदा — आहेस का रे? मी खुर्चीवर बसून पडद्याला शिव्या घालतोय, मनातल्या मनात, कारण आता शिव्या घालायला तेवढीच जागा उरली आहे. शेवटी प्रोग्राम उघडला, मी ३१ दाबलं आणि माझा भरून ठेवलेला आवाज ओसरीवर गेला — "हो माय, झालं सगळं."

माय म्हणाली, "राहू दे बापू. काय इचारलं तेच मी इसरली."

४ जानेवारी

६ मि. ५५ से. आवाज जाईपर्यंत माय झोपून गेली होती.

७ जानेवारी

ही वही आता वेळा लिहायलाच काढली आहे. पेनाला चिंधी गुंडाळून लिहितो. केमोनंतर बोटं बधिर झाली ती झालीच. म्हणून मोबाइल माझ्या कामाचा नाही — त्यावर एक शब्द उमटवायला दहा मिनिटं लागतात आणि उमटतो तो भलताच. संगणकाची बटणं मोठी, ती समजतात. अडतीवर होतो तेव्हा हर्रास संपला की शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या मीच टाइप करायचो.

हर्रास! सव्वीस वर्षं रिसोडच्या भाजीबाजारात लिलाव बोललो मी. वांग्याच्या ढिगावर उभं राहून आवाज टाकला की बस स्टँडवर ऐकू जायचा. माझ्या मागे लोक म्हणायचे, गजेंद्रच्या तोंडाला कुलूप नाही. आता बघा म्हणावं.

जिभेच्या ऑपरेशनच्या आधी अकरा दिवस मिळाले होते. रुचिकाने, माझ्या मुलीने, तेवढ्यात समोर माइक ठेवून माझ्याकडून दोनशे चौदा वाक्यं म्हणवून घेतली. सुजलेल्या जिभेने, पाण्याचे घोट घेत घेत. एकेका वाक्याला एकेक आकडा. आकडा दाबला की माझा आवाज. यादी भिंतीला चिकटवली आहे. तेव्हा वाटलं होतं, दोनशे चौदा म्हणजे जन्माला पुरतील.

डबा म्हणजे एका बंद पडलेल्या कॉलेजातून आलेला २०११ चा संगणक. मायने त्याला डबा नाव दिलं. दिवसातून चार वेळा लाइन जाते आणि चार वेळा त्याला पहिल्यापासून उठवावं लागतं. बॅटरीचं खोकं आणलं होतं, तेही बसलं.

मायला मात्र घाई नाही. पंखा घरघरला की ती जपाची माळ हातात घेते. परवा ज्योत्स्नाला सांगत होती — एक माळ झाली की बोलतेच माया गजू. एकशे आठ मणी म्हणजे सात मिनिटं. माझ्या घड्याळापेक्षा तिची माळ जास्त बरोबर निघाली.

पण हाका किती! आज सकाळपासून नऊ. पाऊस येईल का? मांजर कुठे गेली? आणि दोनदा तर — काही नाही, सहज. सहज! सहजसाठी मी सात मिनिटं त्या खुर्चीवर बसायचं? वय झालं, डोकं हलत चाललंय तिचं. राग येतो आणि मग रागाची लाज वाटते.

१४ जानेवारी

संक्रांत. दिवसभर जो आला तो हातावर तिळगूळ ठेवून "गोड गोड बोला" म्हणाला आणि मग चूप झाला.

१८ जानेवारी

अकरा सेकंद! अकरा!

रुचिकाने पुण्याहून लॅपटॉप पाठवला. तिच्या कंपनीत जुने झाले म्हणून काढले त्यातला एक. जुना म्हणे! झाकण उघडलं, बटण दाबलं, घड्याळाकडे बघेपर्यंत हजर. चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं. अकरा. पुन्हा केलं. साडेदहा. आवाज नाही, घरघर नाही. बाजूला डबाही लावला होता — सात चाळीस. डबा उठेपर्यंत मी लॅपटॉप नऊ वेळा बंद-चालू केला आणि वेड्यासारखा हसलो.

आणि यात काहीही लिहा, तो बोलतो. दोनशे चौदाची यादी नाही. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी एक नवं वाक्य बोललो. काय बोललो? "माय, आज आभाळ स्वच्छ आहे आणि वांग्याला फुलं आली आहेत." 

माय एकदम ताठ बसली. "कोण हाय घरात? गजू कुठी गेला?"

मी तिचा हात धरला. खाटेच्या दांडीवर एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, असं आमचं ठरलेलं आहे. मी आहे, मीच आहे, म्हणून टिचक्यांवर टिचक्या मारल्या. तिने हात सोडवून घेतला. म्हणाली, "हा कोण पुण्याचा पाहुणा बसवला? असा टीव्हीतल्यासारखा बोलते. तो जुनाच लाव. मले कायची घाई हाय?"

जुना लावला. तिने माळ काढली.

२१ जानेवारी

हिशेब मांडला. लॅपटॉप चालू व्हायला अकरा सेकंद, अधिक मायला मी मीच आहे हे पटवायला पंचवीस मिनिटं. डबा चालू व्हायला साडेसात मिनिटं, पटवायला शून्य. म्हणजे जुना जिंकला. प्रगतीचा विजय असो.

रुचिकाशी पडद्यावर बोललो. म्हणजे ती बोलली, मी टाइप केलं. म्हणाली, बाबा, तो प्रोग्राम नव्यात चालत नाही, पण तुमचे आवाज त्यातून काढून नव्यात टाकता येतील. होळीला येते तेव्हा करते, तोवर डब्याला हात लावू नका. बरं म्हणालो. होळी मार्चात आहे.

२९ जानेवारी

११ मि. २० से.

मायचा जप संपला. तिने दुसरी माळ सुरू केली. तेवढ्यात मधेच थांबून म्हणाली, आज डबा थकला का रे?

आतून आता कुरकुर नाही, टक्-टक् येते. थांबते. पुन्हा टक्-टक्.

२ फेब्रुवारी

१२ मि. ५ से. आज जे लिहितोय ते कोणाला माहीत नाही. ही वही ज्योत्स्नाच्या हाती लागू नये म्हणून बियाण्याच्या पेटीत ठेवतो.

गेल्या जूनमधली गोष्ट. ऑपरेशनला सात महिने झाले होते. मी अडतीवर गेलो होतो, सगळ्यांना भेटायला. हर्रास चालू होता. माझ्या जागेवर स्वप्निल उभा होता, चांगला बोलतो पोरगा. वेलाच्या काकडीचा ढीग होता. भाव पडत चालला होता. सवयीने मी हात वर केला, तोंड उघडलं आणि तो आवाज निघाला — ऊं ऊं. अख्खा बाजार वळून बघायला लागला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ऑपरेशननंतर घरी आलो त्याच दिवशी मायने तो आवाज ऐकला होता आणि विचारलं होतं, गोऱ्हा कायले हंबरते? तेव्हापासून मी तिच्यासमोर आवाज काढलेला नाही. आणि त्या दिवशी बाजारभर काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्योत्स्ना नव्हती. माय ओसरीवर पडली होती. मी चपला घातल्या आणि वावरातल्या विहिरीवर गेलो. कठड्यावर उभा राहिलो. पाणी खाली होतं, पण पुरेसं होतं. मला भीती वाटत नव्हती हे लिहून ठेवतो. मनात फक्त एवढंच होतं की आता कोणाला काही सांगायचं राहिलं नाही.

तेवढ्यात मायची हाक. गजू, पाणी दे रे बापू, घसा सुकला.

आता म्हातारी तहानलेली ठेवून कसं जायचं? म्हटलं पाणी देऊन येऊ. गडवा भरून दिला. दोन घोट प्याली आणि परत केला. उरलेलं तुळशीला घाल म्हणाली. मग म्हणाली, पाय चेपून दे. मग म्हणाली, डबा लाव, काहीतरी बोल. संध्याकाळ झाली, ज्योत्स्ना आली.

तिला कळलं नाही की दोन घोट पाण्यासाठी तिने काय केलं ते. पण मला त्या दिवसापासून एक कळलं. ती हाक देते आणि मी उत्तर देतो, एवढ्यावर मी चालू आहे. डबा गेला तर मला उत्तर देता येणार नाही. मग काय?

९ फेब्रुवारी

१६ मिनिटं. पहिल्या वेळी चालूच झाला नाही. काळा पडदा, वर पांढरी अक्षरं. बंद केला, हात जोडले, पुन्हा दाबला. माणूस किती खाली येतो! डब्याला हात जोडले मी.

मायने दोन माळा पूर्ण केल्या. एकदाही कुरकुरली नाही. मीच रडलो. तिला दिसत नाही हे एक बरं आहे.

ज्योत्स्नाने मात्र बघितलं. म्हणाली, "घेऊन जा ना त्याले प्रसेनजितपाशी. किती दिवस असे त्याच्यापुढं बसून राह्यसान?"

रुचिकाने हात लावू नका सांगितलं आहे. पण रुचिका होळीला येणार, आणि हा होळीपर्यंत काढतो असं वाटत नाही.

१० फेब्रुवारी

डबा कांद्याच्या पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतला आणि जीपमध्ये बसलो. खड्डा आला की पोटाशी धरायचो. शेजारची बाई म्हणाली, काय हाय, अंडे हायेत का?

प्रसेनजितचं संगणक दुरुस्तीचं दुकान बस स्टँडसमोर. भला माणूस, काम स्वच्छ करतो. मी चिठ्ठी घरूनच लिहून नेली होती — "खूप उशिरा चालू होतो. लवकर चालू झाला पाहिजे." त्याने झाकण उघडलं, फुंकर मारली, कान लावला आणि लगेच ओळखलं. म्हणाला, "गजाभाऊ, जुन्या डिस्कमदी तवा फिरते अन् सुई शोधत राह्यते. तुमचा तवा घासला. नवीन टाकून देतो, त्यात काही फिरतच नाही. मंग उशीर काहून लागन?"

मला एकदम हलकं वाटलं. डबा तोच, आवाज तोच आणि वेळ नव्याचा! मी दोन्ही हात जोडले. उद्या या म्हणाला.

घरी मायला टिचक्यांनी किती सांगणार? ती दिवसभर विचारत होती, डबा कुठी गेला. दोन टिचक्या, दोन टिचक्या. दोन म्हणजे नाही. नाही म्हणजे काय, ते सांगायला टिचकी नाही.

११ फेब्रुवारी

लिहितो. लिहिल्याशिवाय बसवत नाही.

अकरा वाजता मोबाइल वाजला. प्रसेनजित. मला फोन करून काय उपयोग, पण माणूस सवयीने करतो. मी उचलला. मागे दोन गिऱ्हाइकं बोलत होती. तो घाईत होता. म्हणाला, "भाऊ, नव्यात सगळं पयलेपासून टाकतो. जुन्या डिस्कलेबी फॉरमॅट मारतो, मंग ती सामान ठेवाले कामी येईन. आतलं उडते बरं. ठेवाचं असंन तं आत्ताच सांगा."

आतलं उडतं!

मी लॅपटॉपकडे धावलो. झाकण उघडलं, बटण दाबलं. अकरा सेकंद, अकरा सेकंद फक्त! मोबाइल तसाच टेबलावर. त्यातून आवाज येतोय — हॅलो... भाऊ... हॅलो. मी तोंडाने ओरडलो. ऊं ऊं. नको म्हणत होतो मी, माझ्या कानाला नको असंच ऐकू येत होतं. तो म्हणाला, "काई आयकू येऊन नाही राह्यलं. बरं, मंग मारतो," आणि फोन ठेवला. पडदा उजळला. "नको" टाइप झालं आणि त्या पुण्याच्या पाहुण्याने मोठ्याने, स्पष्ट, शुद्ध आवाजात रिकाम्या खोलीला सांगितलं — नको.

परत फोन लावला. उचलत नाही. पुन्हा लावला. निरोप लिहायला घेतला, बोट सरकून "बजी" झालं, तेच पाठवलं. ओसरीवरून माय — गजू, कोण ओरडलं? काय झालं रे? ना एक टिचकी ना दोन, तसाच सुटलो. रस्त्यावर आलो, जीप नाही. एका मोटरसायकलवाल्यासमोर आडवा उभा राहिलो. त्याला वाटलं माझ्या घरात कोणी गेलं.

दुकानात शिरलो तेव्हा डबा टेबलावर चालू होता. प्रसेनजित हसत म्हणाला, पाहा भाऊ. आणि त्याने माझ्यासमोर बंद करून चालू करून दाखवला.

एकोणीस सेकंद.

मी कागद ओढून लिहिलं — माझा आवाज त्यात होता. त्याने वाचलं. दोनदा वाचलं. मग खाली बसला. म्हणाला, "तुमी बोललेच नाही, भाऊ." आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते.

१२ फेब्रुवारी

मायने अकरा हाका दिल्या. एकीलाही उत्तर दिलं नाही.

१५ फेब्रुवारी

चार दिवस हेच डोक्यात. तुम्ही बोललेच नाही, भाऊ.

हर्रासाचा कायदा मीच सव्वीस वर्षं चालवला. एक वार, दोन वार, तीन वार. तिसऱ्या वारापर्यंत शेतकरी नाही म्हणाला नाही तर माल गेला. चूप राहिला म्हणजे कबूल. कागद नाही, सही नाही. चूप, एवढंच.

नथ्थू आठवतो. टोमॅटो आणायचा, बोलताना अडखळायचा. त्याचा "न" तोंडात अडकायचा. एकदा भाव फार खाली गेला होता. तो माझ्याकडे बघत होता, मान ताणलेली, ओठ हलत होते — न... न... मला दिसत होतं. पुढे आठ ढीग लागायचे होते आणि ऊन चढत होतं. मी तीन वार म्हणून टाकलं. लोक हसले. मीही हसलो. तो रिकामे कॅरेट गोळा करून गेला, आणि पुन्हा आमच्या अडतीवर कधी आला नाही. आज तो कुठे आहे माहीत असतं तर जाऊन पायावर डोकं ठेवलं असतं. पण तिथे तरी काय बोललो असतो?

डबा घरी आणून ठेवला आहे. ज्योत्स्नाने सांगितलं म्हणून लावतो. एकोणीस सेकंदांत उठतो आणि मग त्याच्याकडे बोलायला काही नाही. माझ्यासारखाच झाला.

माय हाक देते, मी लॅपटॉपवर उत्तर देतो. ती म्हणते, जुना लाव. एवढंच म्हणते. तो आवाज आता नाही हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? ज्योत्स्नाला सांगू नको म्हटलं आहे.

२० फेब्रुवारी

आज पुन्हा चपला घातल्या. विहिरीच्या वाटेवरच्या मांडवापर्यंत गेलो. तिथे कारल्याचा वेल सुटला होता, तो बांधला आणि परत आलो. माय तेवढ्यात पाच वेळा ओरडली. घसा बसला तिचा.

मला वाटतं मी फार दिवस काढणार नाही. हे लिहिताना भीती वाटत नाही, याचीच भीती वाटते.

२२ फेब्रुवारी

प्रसेनजित स्वतः आला, मोटरसायकलवर. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून. चहा घेतला नाही. दहा दिवस कुठलं कुठलं सॉफ्टवेअर लावून तो ती जुनी डिस्क खोदत होता म्हणे. तवा घासलेला, त्यावर फॉरमॅट. दोनशे चौदांपैकी नऊ फायली सापडल्या. सातांत नुसती खरखर. दोन धड आहेत.

त्याने त्या डब्यात टाकल्या आणि माझ्याकडे न बघता वाजवल्या. पहिली रुचिकाने हट्टाने म्हणून घेतलेली, हर्रासाची — "एक वार... दोन वार..." आणि तिथेच तुटलेली. दुसरी बावन्न नंबरची. पूर्ण.

"थांब माय, पाणी आणतो."

माझा आवाज. बारा-तेरा दिवसांनी ऐकला. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. प्रसेनजित म्हणाला, "भाऊ, माफी मांगाले आलो." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चूक त्याची नाही. लवकर चालू झाला पाहिजे, असं मीच लिहून नेलं होतं.

माय तेव्हा ज्योत्स्नाबरोबर मागे भाजी निवडत होती. तिला काही ऐकू गेलं नाही.

दोनशे चौदांत हेच एक उरावं! बाकी काही विचारलं तरी आता माझ्याकडे उत्तर एकच आहे, पाणी आणतो.

२३ फेब्रुवारी

ज्योत्स्ना बाजारात गेली. मी चपला घातल्या. मायची हाक आली — गजू! परत फिरलो, डबा लावला, एकोणीस सेकंदांत बावन्न दाबलं आणि गडवा भरून नेला. तिने आवाज ऐकला तसा तिचा चेहरा हलला. गडवा घेतला, न पिता खाली ठेवला.

"तहान नाही मले, बापू," म्हणाली. "त्या दिवशीबी नव्हती."

मी गडवा उचलायला वाकलो.

"तुया चपला इहिरीकडं गेल्या होत्या. मले दिसत नाही, आयकू येते. तवापासून हाका मारून राह्यली मी. तो डबा चालू होयेपर्यंत तू खुर्ची सोडत नाही. एक माळ तरी माया लेक घरात बसते, एवढंच पाह्यजे होतं मले. आवाज कोणाचाबी राहो."

मी चपला काढल्या. आत जाऊन डबा बंद केला आणि पुन्हा चालू केला. एकोणीस सेकंद. ओसरीवर तिने माळ हातात घेतली होती. ती पूर्ण होईपर्यंत मी खुर्चीवर बसून राहिलो.